अक्षता हेडसेटमधून पडतील का?

प्रश्न : मी डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा (तांदूळ उधळून होणारं प्रतीकात्मक लग्न) व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट घालून दिसणाऱ्या आभासी जगात करतेय, पुण्या-दुबईतल्या सोलापूरकरांसाठी. गाईड म्हणतात हे स्पेक्युलेटिव्ह डिझाइन नाही, नुसतं अ‍ॅप झालं. आजोबा म्हणतात घरात बसून कसली आलीय यात्रा. काय करू?
– एक विद्यार्थिनी, बाळीवेस

उत्तर : अगं, दोघंही एकच सांगतायत की तुला. अँथनी डन आणि फिओना रॅबी या डिझायनर जोडीनं हा स्पेक्युलेटिव्ह डिझाइनचा प्रकार रुळवला, त्यात वस्तू विकायला नाही तर लोकांनी त्यावर भांडावं म्हणून बनवायची असते. मग आजोबांचं भांडणच प्रोजेक्टमध्ये घे ना.

आता बघ, व्हीआरचॅट या व्हीआरमध्ये भेटायच्या अ‍ॅपमध्ये एका खोलीत ८०च्या आसपासच माणसं मावतात. सोहळा होतो त्या संमती कट्ट्यावर तर मुंगीला पाय ठेवायला जागा नसते, म्हणजे गर्दीच्या हजार खोल्या कराव्या लागतील, मग सातही नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या) प्रत्येक खोलीत उभे करणार का? खरी काठी एकाच खोलीत आणि बाकीच्यांनी कॉपीला हात जोडायचे, असं ठेवलंस तर मान कुणाचा यावर लई वाद होईल, आणि तोच वाद पाहिजे आपल्याला. दुसरं म्हणजे मेटानं २०२२ मध्ये छेडछाडीच्या तक्रारींनंतर होरायझन या त्यांच्या व्हीआर जगात अवतारांमध्ये (माणसांच्या आभासी बाहुल्यांमध्ये) साधारण ४ फुटांचं अंतर टाकलं. बायकांच्या दृष्टीनं बरोबरच केलं, पण आपल्याकडं मागच्याचा तांदूळ मानेवरून शर्टात जातो ती मजा ४ फुटांत कशी येणार? (माझ्या तर घरी गेल्यावर पण केसातून निघतात.)

अल्टस्पेसव्हीआर हे असंच व्हीआरमध्ये भेटायचं अ‍ॅप २०२३च्या मार्चमध्ये बंद झालं, तिथं प्रार्थना भरायच्या, त्या जागाही गेल्या. तर तुझ्या व्हीआरमधल्या कट्ट्याचा सर्व्हर बंद होतोय अशी एक नोटीस लिही, ती कोण काढणार, देवस्थानची पंच कमिटी का अ‍ॅपची कंपनी, हे ठरवताना तुलाच घाम फुटेल.

मी असते तर अवताराच्या हातात तांदूळ दिलाच नसता. भोगीच्या आधी दुबईला पोस्टानं खऱ्या अक्षतांची पुडी पाठवायची, ‘सत्यम सत्यम’ (अक्षता टाकायच्या वेळचा घोष) झालं की माणसानं हेडसेट घालूनच त्या उधळायच्या, दिसत काहीच नाही, पलीकडच्यावर पडत पण नाहीत. हेडसेट काढला की सोफ्याखाली तांदूळ. तो झाडायचा का उचलून ठेवायचा, आधी आजोबांनाच विचार.