तेलाची पळी कोण घालणार?

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

खानदेशातल्या जुन्या वास्तूंची तुझी यादी मिळाली. लळिंग, थाळनेर, बलसाणे, पारोळा, फरकांड्याचे मनोरे, शिवाय गावोगावचे वाडे. मेहनत दिसते. 'हे सगळं संरक्षित करून घ्यायचं आहे, अर्ज कुठे करू?' असं विचारलंस. अर्जाचं सांगतोच, पण त्याआधी चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख नीट वाच.

शके ११२८ चा, म्हणजे सुमारे १२०७ सालचा हा लेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव वेगळे) यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला आणि तिथल्या निकुंभ राजघराण्यानं त्याला दान दिलं. बहुतेक जण एवढं वाचतात, अभिमानानं फोटो काढतात आणि निघतात. मला शेवटच्या ओळी जास्त मोलाच्या वाटतात. तिथे संस्कृत सुटतं आणि मराठी सुरू होते. पेठेतल्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला, जेवढे तेलाचे घाणे चालतील त्यांच्याकडून पळी पळी तेल मठाला. मठ बांधताना त्याच्या दिव्याचं तेल कुठून येणार, हे दगडावर कोरून ठेवलं. तुझ्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे हा एक रकाना वाढव: इथली पळी कोण घालतं? बरेच रकाने कोरे राहतील. तुझं काम तिथून सुरू होतं.

आपलं धाब्याचं घरच घे. सागवानी सर म्हणजे मोठी तुळई, त्यावर आडव्या कड्या, त्यावर काटक्यांचा थर आणि वर खारी माती. उन्हाळ्यात आत गारवा असतो, पण पावसाळ्याआधी दरवर्षी वर चढून खारी टाकावी लागते, चोपावी लागते, पनाळ मोकळे करावे लागतात. घरातली माणसं पुण्या-सुरतेला गेली की हे थांबतं. पाणी आधी कडीच्या टोकाशी मुरतं, मग उधई म्हणजे वाळवी लागते, मग सर वाकतो. भिंत बाहेरून चांगली दिसते तोवर आत सगळं संपलेलं असतं. गावात विचारलं तर उत्तर मिळतं, "आते कोन ऱ्हास तठे?" (आता कोण राहतं तिथे?) आणि एक दिवस लाकडाचा व्यापारी येतो, नक्षीची चौकट अन् खांब घनफुटावर मोजतो. वाटेकरी दहा, पण विकायला सगळे राजी. त्यांना दोष देऊ नकोस. गळकं घर सांभाळायचा खर्च त्यांच्या खिशातून जातो, कौतुक मात्र आपण करतो.

म्हणून आधी मालकी बघ. गावठाणात सिटी सर्व्हेचा उतारा, मोकळ्या जागेत सातबारा. नाव कोणाचं, बोजा आहे का, वाद चालू आहे का. त्यानंतर मोजमाप आणि फोटो. खांबाची बैठक, कडीचं टोक, पनाळ, तडा, सगळ्यांचे जवळून फोटो घे. वास्तू उद्या पडली तरी एवढं हाती राहील.

आता अर्ज. केंद्राचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. वास्तू राज्याच्या यादीत संरक्षित करून घ्यायची असेल तर पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे जा. पण वास्तू केंद्राच्या यादीत असली तर तिच्यापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असते, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. हे लगतच्या घरवाल्यांना अगोदर, स्पष्ट सांग. दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते, हेही सांग. नंतर कळलं तर त्या वास्तूचे शत्रू गावातच तयार होतात. आणि 'संरक्षित स्मारक' असा निळा फलक लागला म्हणजे कौलं शाकारली गेली असं नव्हे.

श्रमदानाला उत्साही पोरं येतील. त्यांना दोन गोष्टी करू देऊ नकोस. बुरुजातला पिंपळ ओढून काढायचा नाही. मुळांनी धरलेले दगड बरोबर येतात. खोड कापायचं, मुळाचं काय करायचं ते जाणकाराला विचारायचं. आणि चुन्याच्या दरजेत सिमेंट भरायचं नाही. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं, मग क्षार दगडाचे पापुद्रे काढतात. हेमाडपंती देवळाला ऑइल पेंट फासणाऱ्या समितीशी मात्र भांडू नकोस. ते देवळात रोज येतात, तू महिन्यातून एकदा. त्यांच्याशी चहा पीत बोल.

ज्या जागा टिकल्या त्या बघ. धुळ्याचं राजवाडे मंडळ, समर्थ वाग्देवता मंदिर, प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये अमळनेरला उभं केलेलं तत्त्वज्ञान मंदिर. तिथे जुन्या कागदपत्रांची, ग्रंथांची कपाटं उघडावी लागतात, कागदाला ओल लागू द्यायची नसते, म्हणून छताकडे कोणीतरी बघतं.

यादीतले सगळे किल्ले तूर्त बाजूला ठेव. तुझ्याच गल्लीतला एक वाडा निवड, ज्याचा निदान एक वाटेकरी गावात राहतो. त्याचा उतारा काढ आणि खारीसाठी ट्रॉलीचा भाव विचारून ठेव. मृगाआधी टाकायची असेल तर अक्षय्य तृतीयेला, आखाजीच्या सुट्टीत, बाहेरगावचे वाटेकरी घरी येतात. तेव्हाच त्यांना एकत्र बसव. मी येतो.

तुझे,
काका