सर्व्हर फॉरमॅट करायच्या आधी डीएनएस कोण देतंय ते बघा

ताई, सर्व्हरला हात लावू देऊ नका त्या एएमसीवाल्याला (वर्षभराच्या देखभालीचा ठेका असलेल्या माणसाला). निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

तुमच्या पोस्टवरून मला समजलं ते असं: विंडोज ११ प्रोचे नवीन पीसी आलेत, डोमेनला (म्हणजे सगळे पीसी आणि लॉगिन एकाच सर्व्हरवरून सांभाळायची ऑफिसची व्यवस्था) जॉइन करायला गेलं की डोमेन कंट्रोलरशी, म्हणजे ते सांभाळणाऱ्या सर्व्हरशी, संपर्क होत नाही असा मेसेज येतो, पण सर्व्हरला पिंग जातोय, टॅलीचा शेअर फोल्डरही उघडतोय, जुने पीसी व्यवस्थित चालू आहेत, त्यामुळे एएमसीवाला म्हणतो सर्व्हरची ॲक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनची सगळी नोंदवही) करप्ट झाली, परत टाकायला लागेल. आणि मध्येच एका ओळीत तुम्ही लिहून गेलात की मागच्या महिन्यात इंटरनेटवाल्यांनी बॉक्स बदलून दिला. ती ओळ वाचली आणि म्हटलं, आता उत्तर लिहायलाच पाहिजे, कारण आम्ही याच खड्ड्यात पडलो होतो.

आधीच सांगतो, मी सर्टिफाइड वगैरे काही नाही. कुपवाड एमआयडीसीत एका छोट्या कारखान्याचं अकाउंट्स बघतो, 'तुला कॉम्प्युटरचं कळतं ना' म्हणून हे गळ्यात पडलंय, ते पडलंय ते पडलंयच. तुमच्याकडचं कारण वेगळंही असू शकतं. पण लक्षणं इतकी सारखी आहेत की मी पैज लावीन.

पीसी प्रो आहे की होम, केबल लागलीय का, डोमेनचं स्पेलिंग बरोबर आहे का, हे तुम्ही बघितलंच असेल, ते सोडतो.

पिंगचं काय आहे, की सर्व्हरच्या आयपीला (नेटवर्कवरच्या पत्त्याला) पिंग गेला याचा अर्थ वायर ठीक आहे, एवढाच. नावाने पिंग गेला तरी फार हुरळून जायचं नाही, कारण डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) नाव सापडलं नाही तर विंडोज त्याच नेटवर्कवर आरोळी मारून विचारतं की बाबा या नावाचं कोण आहे का, आणि सर्व्हर ओ देतो. शेअर फोल्डर पण तसाच, नाव-पासवर्ड दिला की उघडतो, त्याला डोमेन सापडायची गरजच नसते. जॉइन होताना मात्र पीसी वेगळीच गोष्ट विचारतो, या डोमेनचा कंट्रोलर कोणता, आणि त्याचं उत्तर डीएनएसमधल्या एसआरव्ही रेकॉर्डमध्ये (कोणती सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे त्या नोंदीत) असतं. ते रेकॉर्ड फक्त तुमच्या सर्व्हरकडे आहे, राउटरकडे नाही, गूगलच्या ८.८.८.८ कडे तर नाहीच नाही. प्रश्न चुकीच्या दारात गेला की 'असं नावच नाही' म्हणून उत्तर येतं. एररच्या डिटेल्समध्ये बघा, कोडच्या शेवटी २३२बी असेल तर हीच भानगड.

आणि 'जुने पीसी चालतात' हा पुरावा धरू नका. आमच्याकडे याच वाक्याने सगळ्यांना फिरवलं. विंडोज आधीच्या लॉगिन्सची आठवण ठेवतं, डिफॉल्टला १० जणांची, त्यामुळे सर्व्हर सापडला नाही तरी जुना माणूस जुन्या पासवर्डने जुन्या पीसीवर आत जातो आणि कुणाला काही कळत नाही. एखाद्या जुन्या पीसीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये जीपीअपडेट स्लॅश फोर्स (सर्व्हरवरची डोमेनची सेटिंग्ज परत मागवणारी कमांड) मारून बघा. आमच्याकडे ते पण फेल होत होतं. म्हणजे फक्त नवे पीसीच जॉइन होत नव्हते असं नाही, अख्ख्या ऑफिसचंच डोमेन तुटलेलं होतं, नवे पीसी फक्त ते बोलून दाखवत होते.

आता बॉक्सचं. आमचा जुना बॉक्स बिचारा नुसता इंटरनेट द्यायचा, आयपी वाटायचं काम म्हणजे डीएचसीपी सर्व्हरवर होतं. इंटरनेटवाल्यांचा माणूस आला, नवा फायबरचा बॉक्स लावला, स्पीड टेस्ट दाखवली, गेला. नव्या बॉक्समध्ये डीएचसीपी चालू. म्हणजे एका नेटवर्कवर आयपी वाटणारे दोघं, जो आधी उत्तर देईल त्याचं पीसी ऐकणार, आणि बॉक्सने दिलं की डीएनएस म्हणून तो स्वतःचाच पत्ता देणार. इथपर्यंत कुणालाही सापडेल. आम्हालाही सापडलं, म्हणून नव्या पीसीवर आयपीव्ही४ मध्ये (नेहमीच्या आयपी पत्त्यांच्या सेटिंगमध्ये) हाताने सर्व्हरचा डीएनएस टाकला, आणि तरीही जॉइन होईना! एएमसीवाल्याने इथेच 'बघा, मी म्हटलं नव्हतं का' केलं.

खरी गोम आयपीव्ही६ मध्ये, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीत होती. नवा बॉक्स आयपीव्ही६ पण वाटत होता, आणि त्याच्याबरोबर स्वतःचा आयपीव्ही६ डीएनएस पत्ताही. विंडोज १० च्या २०१७ मधल्या क्रिएटर्स अपडेटपासून विंडोज हा राउटरने जाहीर केलेला पत्ता उचलतं, कुणालाही न विचारता, आणि यादीत त्याला वर ठेवतं. तुम्ही आयपीव्ही४ च्या खिडकीत काहीही लिहा, प्रश्न पहिल्यांदा बॉक्सलाच जाणार. आणि त्याने 'नाही' म्हटलं की विषय संपला, विंडोज पुढच्याला विचारत बसत नाही. पुढच्याकडे ते फक्त पहिला गप्प बसला तरच जातं. हे लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.

तपासायचं असं. नव्या पीसीवर आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारा आणि डीएनएस सर्व्हर्सची ओळ बघा. सगळ्यात वर एफई८० ने सुरू होणारा पत्ता दिसला की चोर सापडला. खात्री करायची तर एनएसलुकअप उघडा, टाइप एसआरव्ही सेट करा आणि अंडरस्कोर एलडॅप डॉट अंडरस्कोर टीसीपी डॉट डीसी डॉट अंडरस्कोर एमएसडीसीएस डॉट, आणि पुढे तुमचं डोमेन (अर्थात सगळं इंग्रजीत टाइप करायचं). उत्तर कोण देतंय ते पहिल्याच दोन ओळींत दिसतं. मग एकाच पीसीवर, फक्त टेस्टसाठी, नेटवर्क ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही६ ची टिक काढा, आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस मारा आणि जॉइन करून बघा. झाला, तर सर्व्हर निर्दोष. टिक कायमची काढून ठेवू नका पण, मायक्रोसॉफ्ट स्वतः तसं करू नका म्हणतं, आणि प्रत्येक पीसीवर जाऊन टिका काढत फिरणं हा काही इलाज नाही.

बरं, बॉक्समध्ये जाऊन डीएचसीपी आणि आयपीव्ही६ बंद करायचं, पाच मिनिटांचं काम. आता ऐका गंमत. बॉक्सचा ॲडमिन पासवर्ड आम्हाला द्यायला कंपनी तयार नाही, 'पॉलिसी नाही सर'. मग तुम्हीच बंद करून द्या. तक्रार घेतली, माणूस आला, फोनवर इंटरनेट चालतंय ना बघितलं, तक्रार बंद. परत फोन. नवीन बाई, परत पहिल्यापासून कहाणी, 'सर आपण राउटर रीस्टार्ट केला का?' अहो राउटर नीट चालतोय हीच तर तक्रार आहे! शेवटी एका बऱ्या पोराने सेटिंग बदललं, आम्ही चहा पाजला त्याला, दोन्ही बंद, पीसी जॉइन झाले. आणि नंतर कधीतरी लाइट जाऊन आली तर सगळं परत चालू. कारण हे बॉक्स कंपनी लांबून सांभाळते, आणि आमच्याकडे कंपनीचं स्टॅंडर्ड सेटिंग परत येऊन बसत होतं. हे सांगायला मात्र कस्टमर केअरमधलं कुणीही तयार नव्हतं, वर 'आमच्याकडून काहीच बदल झालेला नाही' असा मेल. जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायची वीस तारीख तोंडावर आणि इकडे आम्ही मेल-मेल खेळतोय. सर्व्हरवर जेवढा वेळ गेला नाही तेवढा त्या कंपनीने खाल्ला.

म्हणून माझं स्पष्ट मत, त्यांच्या बॉक्सला समजवत बसू नका, ऑफिसच्या नेटवर्कमधून त्याला बाहेर काढा. बॉक्स ब्रिज मोडवर (नुसती लाइन पुढे देणार, आयपी वाटणार नाही) टाकून देत असतील तर उत्तम. नसतील तर स्वतःचा साधा राउटर घ्या, त्यांच्या बॉक्समधून एकच वायर तुमच्या राउटरच्या वॅन (बाहेरच्या) पोर्टला, आणि ऑफिसचा स्विच तुमच्या राउटरच्या लॅनला (आतल्या पोर्टला). त्यांच्या बॉक्समध्ये दुसरी कुठलीही वायर नको, साहेबांच्या केबिनमधली पण नको. तुमच्या राउटरवर डीएचसीपी बंद, लॅनचं आयपीव्ही६ बंद, आयपी वाटायचं काम सर्व्हरकडे. फक्त दोन्हीकडे १९२.१६८.१ ची एकच रेंज येऊ देऊ नका. डबल नॅट (आतल्या-बाहेरच्या पत्त्यांची अदलाबदल दोनदा) होतं म्हणून कुणीतरी खाली कमेंट करेलच, होऊ दे, टॅली आणि जीएसटी पोर्टलला काही फरक पडत नाही. बाहेरून पोर्ट फॉरवर्ड करून कॅमेरे बघत असाल तर तेवढं बघायला लागेल.

पीसीवर डीएनएस एकच, सर्व्हरचा. अल्टरनेटमध्ये ८.८.८.८ टाकायचं नाही म्हणजे नाही, सर्व्हर जरा उशिरा बोलला की पीसी तिकडे सरकतो आणि मग वर सांगितलं तेच, तिकडून ठाम 'नाही' येतं. ८.८.८.८ ची जागा सर्व्हरवरच्या डीएनएसच्या फॉरवर्डर्समध्ये (सर्व्हरला स्वतःला माहीत नसलेलं नाव तो ज्यांना विचारतो त्या यादीत). सर्व्हर बंद असला की सगळ्यांचं नेट जातं म्हणून साहेब ओरडतात हे मला माहितीय, आमचेही ओरडतात. त्यावर उत्तर दुसरा डोमेन कंट्रोलर, गूगल नव्हे.

एएमसीवाला आता म्हणेल की जुना एक पीसी डोमेनमधून वर्कग्रुपमध्ये काढून परत जॉइन करून बघू. बिलकुल करू देऊ नका! पीसी डोमेनमधून निघाला, परत जॉइन झाला नाही, आणि लोकल ॲडमिनचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, की तो पीसी तुमच्या हातातून गेला. आणि लोकल खात्याने आत गेलात तरी डेस्कटॉप कोरा, आउटलुक कोरं, ती माणसं तुमच्याच नावाने शंख करणार. आधी प्रत्येक पीसीवर एक लोकल ॲडमिन आहे का, चालतो का ते बघा आणि पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा.

हे सगळं करूनही एखादाच पीसी अडला तर किरकोळ कारणं. घड्याळ पाच मिनिटांपेक्षा जास्त पुढेमागे असेल तर कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख पटवणारी पद्धत) अडवतो. जुन्या पीसीचंच नाव नव्याला दिलं असेल तर ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटनंतर विंडोज दुसऱ्याने बनवलेलं जुनं खातं सहसा वापरू देत नाही, सरळ नवीन नाव द्या. साध्या युजरच्या नावाने जॉइन करत असाल तर डिफॉल्टला एका युजरला १०च पीसी जोडता येतात, अकराव्याला नकार. डोमेनचं नाव वेबसाइटचंच ठेवलं असेल तर नुसतं ते नाव विचारल्यावर बाहेरचा डीएनएस 'नाही' म्हणत नाही, वेबसाइटच्या होस्टिंगचा पत्ता देतो, ते आणखी चकवणारं.

तोपर्यंत आयपीकॉन्फिगचा फोटो टाका, एक नव्या पीसीचा, एक जुन्याचा. आणि नव्या पीसीच्या सी ड्राइव्हवर विंडोजमध्ये डीबग फोल्डर आहे, त्यात नेटसेटअप नावाची लॉग फाइल सापडेल, तिच्या शेवटच्या वीसेक ओळी. डोमेनचं आणि युजरचं नाव खोडून टाका पण.