उन्हाळी कपडे घेतेस? आधी आतली पट्टी वाच

पर्यावरणपूरक कपड्यांची पहिलीच खरेदी आहे ना, मग काही नवं घ्यायच्या आधी कपाट उपसून बघ. घरात पडून असलेला सुती ड्रेस सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पर्यावरणपूरक. त्यानंतर नंबर सेकंड-हँडचा. वापरलेलं लिनन धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, नव्यापेक्षा अंगाला छान लागतं.

नवं घेशील तेव्हा हिरव्या पानाच्या टॅगला भुलू नकोस, शिवणीत लपलेली, कापड कशाचं आहे ते सांगणारी पट्टी शोध. मी एकदा 'बांबू'चा टॉप मोठ्या कौतुकाने आणला. घरी येऊन पट्टी वाचली तर व्हिस्कोस! बांबूचं बहुतेक मऊ कापड असंच, लगदा रसायनांत विरघळवून बनतं. त्यापेक्षा लायोसेल बरं, तेही लगद्यापासूनच बनतं, पण लगदा विरघळवणारं रसायन जवळजवळ सगळं पुन्हा वापरलं जातं. जीओटीएसच्या (सेंद्रिय कापडाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) खुणेसोबत 'ऑरगॅनिक' असेल तर किमान 95 टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय. ओएको-टेक्स स्टँडर्ड 100 असं लेबल असेल तर त्याचा अर्थ हानिकारक रसायनांची तपासणी झालीय, बस. सेंद्रिय असेलच असं नाही.

पॉलिस्टरमिश्रित स्वस्त मिळतं, पण घाम नीट टिपत नाही आणि धुताना प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात. शंका आली तर आतल्या शिवणीतून कापडाचा एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळून बघ (घरी गं, दुकानात नको!). सुती असेल तर जळक्या कागदाचा वास आणि राख, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी.

आणि कापड उजेडाकडे धर. जाळीसारखं विरळ दिसलं की मी तरी ते परत ठेवते, कितीही सेल असो.