फाशी, देहदंड आणि मृत्युदंड

‘विषारी इंजेक्शन देऊन फाशी दिली’ असे वाक्य एका वाचकाच्या पाहण्यात आले. ते बरोबर आहे काय, आणि फाशी, देहदंड, मृत्युदंड व देहान्त शासन हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात काय, असे त्यांनी विचारले आहे.

हे वाक्य चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘फाशी’चे नाते संस्कृत ‘पाश’ या शब्दाशी आहे, आणि त्याच कुळातला ‘फास’ मराठीत रोजच्या वापरात आहे. म्हणजे फाशी हे मुळात शिक्षेचे नाव नसून ती अमलात आणण्याच्या एका रीतीचे नाव आहे. सूळ, शिरच्छेद, कडेलोट, हत्तीच्या पायी देणे या रीती मागे पडल्या, फास तेवढा उरला, आणि रीतीचे नावच शिक्षेला चिकटले (सूळ आता ‘सुळावरची पोळी’ या वाक्प्रचारापुरता राहिला आहे). परंतु फ्रान्समध्ये १७९२पासून १९८१ साली ही शिक्षा रद्द होईपर्यंत गिलोटिन हे शिरच्छेदाचे यंत्र तिचे साधन होते, न्यूयॉर्क राज्यात १८९० साली विजेची खुर्ची आली आणि टेक्सासमध्ये १९८२ साली इंजेक्शन आले. यांपैकी कशालाही फाशी म्हणता येणार नाही. तेथे ‘मृत्युदंड’ हाच शब्द हवा.

‘देहदंड’ आज मृत्युदंडाच्या अर्थाने रूढ आहे आणि तो चुकीचा ठरवण्याचे कारण नाही. मात्र शब्दशः त्याचा अर्थ देहाला केलेला दंड एवढाच होतो, आणि त्यात फटके किंवा अवयव तोडणेही बसू शकते. जुन्या ‘वधदंड’ या शब्दाची गोष्ट याहून बोलकी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाग्दंड (तोंडी समज), धिग्दंड (कडक निर्भर्त्सना), धनदंड आणि वधदंड असा चढता क्रम आहे, आणि लगेच पुढच्या श्लोकात, वधानेही जे आवरत नाहीत त्यांना चारही दंड एकत्र करावेत, असे सांगितले आहे. वधानंतरही माणूस आवरायचा उरतो, तेव्हा येथे ‘वध’ म्हणजे ठार मारणे नव्हे, तर शारीरिक शिक्षा, हे उघड आहे. जुन्या ग्रंथातला शब्द आजच्या अर्थाने वाचून या शिक्षेच्या बाजूने किंवा विरुद्ध दाखला देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, असे मला कळकळीने वाटते.

‘देहान्त शासन’ आणि ‘देहान्त प्रायश्चित्त’ यांतही गल्लत होते. शासन राजसत्ता करते. प्रायश्चित्त पाप करणाऱ्याने स्वतः घ्यायचे असते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातला ‘प्रायश्चित्त’ हा शब्द काढून ‘शिक्षा’ घातला, तर शास्त्र्याच्या त्या उत्तराचा अर्थच बदलतो.

स्वतः ‘शिक्षा’ हा शब्दही विचारात पाडणारा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ शिकवण. मराठीत तो दंडाकडे वळला. ज्याचा जीव घेतला त्याला काहीच शिकता येत नाही, म्हणून या शिक्षेचे समर्थक बहुधा म्हणतात की शिकायचे ते इतरांनी. चेझारे बेक्कारिया या इटालियन विचारवंताने १७६४ साली नेमका हाच मुद्दा खोडला: क्षणभराच्या भयंकर दृश्यापेक्षा आयुष्यभर भोगावी लागणारी कैद लोकांच्या मनावर अधिक खोल ठसते, आणि शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा ती चुकणार नाही ही खात्रीच गुन्ह्याला आवर घालते. १७८६ साली इटलीतील तोस्काना या राज्याने मृत्युदंड कायद्यातून काढला, त्यामागे या विचाराचा प्रभाव होता.

शेवटी क्रियापदांविषयी. न्यायालय शिक्षा ‘सुनावते’ किंवा ‘ठोठावते’. ‘फाशी दिली’ हे फक्त अंमलबजावणीनंतर लिहावे. ‘फाशी झाली’ यातून निकाल लागला की माणूस गेला, हे कळत नाही, आणि मधल्या काळात अपील व दयेचा अर्ज शिल्लक असू शकतो. तो अर्ज मान्य होऊन जन्मठेप दिली गेली, तर शिक्षा ‘माफ झाली’ असेही लिहू नये; ती ‘सौम्य केली’ असे लिहावे, कारण दोषी ठरवणारा निकाल कायमच असतो.