एलपीवरची सही खरी की खोटी? आधी कव्हर बघा

तुम्ही तीन एलपींबद्दल, म्हणजे जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डींबद्दल विचारलंय, वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व आणि भीमसेनजी, तिन्हींवर सह्या, पुण्यात कसब्यातल्या एका वाड्याचं सामान निघालं त्यातनं आल्यात असं विकणारा सांगतोय आणि वर सर्टिफिकेटही देतो म्हणतोय. सर्टिफिकेट बाजूला ठेवा आणि सहीकडेही लगेच बघू नका. सगळे जण नेटवरनं एक सही शोधतात आणि वळणं जुळतात का बघत बसतात, पण नक्कल करणाऱ्यानेही तोच फोटो समोर ठेवलेला असतो, मग जुळणारच ना.

आधी तारखा. वसंतराव 1983 मध्ये गेले, कुमारजी जानेवारी 1992 मध्ये, भीमसेनजी जानेवारी 2011 मध्ये. आता कव्हर उलटं करा. एचएमव्हीच्या रेकॉर्ड काढणाऱ्या ग्रामोफोन कंपनीचं नाव सारेगामा झालं 2000 साली, म्हणजे कव्हरवर सारेगामा छापलं असेल तर त्यावर कुमारजींची सही असूच शकत नाही, विषय संपला. नुसत्या छापलेल्या सालावर जाऊ नका, नंतरच्या छपाईतही बऱ्याचदा मूळ साल तसंच राहतं. आणि आतली रेकॉर्ड त्याच कव्हरची आहे ना तेही बघा, कव्हरवरचा नंबर लेबलवरच्या नंबरशी जुळला पाहिजे, अदलाबदल फार होते.

मग पेन. वसंतरावांची सही जेल पेनची वाटते असं तुम्हीच लिहिलंय. जपानच्या साकुरा कंपनीने जेल पेन बाजारात आणलं 1984 मध्ये आणि आपल्याकडे ते सर्रास दिसायला लागलं त्याच्याही बरंच नंतर. खरंच जेल पेन असेल तर ती एलपी सहीसाठी घेऊच नका.

यानंतर दहापट भिंग आणि टॉर्च घ्या, टॉर्च तिरकी धरा. शाई ठिपक्याठिपक्यांची दिसली तर ती छापील सही, पुढे बघायची गरजच नाही. एचएमव्हीच्या जुन्या कव्हरांची पुढची बाजू बहुतेक लॅमिनेशनची गुळगुळीत असायची, त्यावर शाईपेन नीट धरत नाही, त्यामुळे जुनी सही बरेचदा मागच्या साध्या कागदावर सापडते आणि तिथे शाई कागदाच्या तंतूंमध्ये थोडी पसरलेली असते. आता खरी गंमत बघा. आतल्या रेकॉर्डच्या कडेमुळे कव्हरवर घासून गोल वळ उठतो, सही जिथे तो वळ ओलांडते तिथे भिंग धरा. सही जुनी असेल तर कागदाबरोबर शाईही घासलेली असते, पण शाई सलग असेल आणि घासलेल्या भागात किंवा सुरकुतीच्या चिरेत उतरली असेल तर कव्हर झिजल्यावर कोणीतरी सही केलीये. वसंतरावांच्या बाबतीत हे वाईट लक्षण, भीमसेनजींच्या बाबतीत मात्र नाही, कारण जुनी एलपी घेऊन कोणी 2000 नंतरही त्यांच्याकडे गेलेलं असू शकतं.

सहीचं वळण आता बघा. मैफल संपल्यावर उभ्या उभ्या केलेली सही वेगात असते, रेघेची टोकं निमुळती होतात. नक्कल हळू केलेली असते, जाडी एकसारखी, मध्येच पेन थांबल्याचे ठिपके. उतारवयात खऱ्या हातालाही कंप असतो, म्हणून तुलना त्याच वयातल्या आणि त्याच लिपीतल्या सहीशीच करा, एकीशी नाही, मिळतील तितक्यांशी.

एवढं सगळं पास झालं तरी सही खरी ठरते असं नाही, फक्त खोटी ठरलेली नाही. बीटल्सच्या कितीतरी सह्या त्यांच्याबरोबर असणाऱ्या नील ॲस्पिनॉल आणि मॅल इव्हान्सनेच केलेल्या आहेत, कागद त्या काळचा, शाई त्या काळची, फक्त हात दुसऱ्याचा. आणि अमेरिकेत 1990 च्या दशकात एफबीआयने ऑपरेशन बुलपेनमध्ये खोट्या सह्यांची टोळी पकडली तेव्हा मालासोबत सर्टिफिकेटंही होतीच. म्हणून वाड्यातल्या माणसांशी बोला. सही कोणी घेतली, कुठल्या कार्यक्रमाला, त्या दिवसाचं तिकीट किंवा फोटो आहे का. सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासून चालू आहे, पुण्यात जुने अंक आणि पास जपून ठेवलेली घरं भरपूर आहेत, नुसतं विचारायला पाहिजे.

किमतीचं म्हणाल तर आधी विनासहीची तीच एलपी त्याच अवस्थेत कितीला गेली ते डिस्कॉग्ज या रेकॉर्ड खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर बघा, लोक मागतात तो भाव नाही, विक्री झाली तो भाव. सहीचे पैसे त्याच्यावर. भीमसेनजी पुण्यातच राहायचे, लोकांना भेटायचे, त्यांच्या खऱ्या सह्या इथे कमी नाहीत, त्यामुळे विकणाऱ्याने आकाशाला भिडणारा भाव सांगितला तर घासाघीस करा. त्या एलपीवर मागे 'चि.' लिहून कुणाचं तरी नाव घातलंय म्हणालात, काही जण यामुळे कमी पैसे देतात, मी मात्र तीच आधी उचलेन, कारण ते नाव त्या वाड्यातलंच निघालं तर यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.

कुमारजींच्या एलपीचं मागच्या कव्हरच्या खालच्या कडेचा फोटो दिसल्याशिवाय सांगता येणार नाही, कंपनीचं नाव वाचता येईल असा पाठवा. आणि घेतलीत तर सहीवर लॅमिनेशन किंवा सेलोटेप अजिबात नको, उन्हात फ्रेम लावू नका, बॉलपेनची शाई उडते.