थ्रेडला नाव देताना ऑपरेटिंग सिस्टिममधील फरक कसे हाताळावेत

थ्रेडना, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांना, नाव देणारा आपला प्रोग्रॅम मॅकओएसवर कंपाइल होत नाही, आणि लिनक्सवर कंपाइल होऊनही चालू प्रोसेस दाखवणाऱ्या 'टॉप'मध्ये सगळ्या थ्रेडना प्रोग्रॅमचेच नाव दिसते, या दोन्ही अडचणींचे मूळ थ्रेडला नाव देणाऱ्या 'पीथ्रेड_सेटनेम_एनपी' या एकाच फंक्शनमध्ये आहे. ते पोझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या सामाईक मानकात नसल्यामुळे प्रत्येक सिस्टिमने ते आपापल्या पद्धतीने लिहिले आहे. लिनक्सवर ते थ्रेडचे हँडल (ओळखखूण) आणि नाव अशी दोन आर्ग्युमेंट घेते, मॅकओएसवर फक्त नाव घेऊन चालू थ्रेडलाच लावते, तर नेटबीएसडीवर तिसरे आर्ग्युमेंटही द्यावे लागते.

लिनक्समध्ये नावाला शेवटच्या शून्य बाइटसह १६ बाइट, म्हणजे प्रत्यक्षात १५ बाइट मिळतात. नाव त्याहून लांब असेल तर ग्लिबसी (लिनक्सवरील मूलभूत सी लायब्ररी) ते कापत नाही, 'ईरेंज' ही त्रुटी परत करते आणि आधीचे नाव तसेच राहू देते. नवा थ्रेड आपल्याला निर्माण करणाऱ्या थ्रेडचेच नाव घेऊन सुरू होत असल्यामुळे, त्रुटी तपासली नाही तर सुरुवातीला सांगितलेले, सगळीकडे प्रोग्रॅमचेच नाव असलेले दृश्य दिसते.

माझा आग्रह असा आहे की एका थ्रेडने दुसऱ्याला बाहेरून नाव देणे पूर्णपणे सोडावे. फक्त नाव घेणारे स्वतःचे एक छोटे फंक्शन लिहून प्रत्येक थ्रेडने सुरू होताच ते स्वतः बोलवावे. मॅकओएसचे बंधन असे सर्वत्र पाळले की उरलेले सगळे फरक एका फाइलमध्ये मावतात.

नाव कापण्याचे कामही त्याच फंक्शनने करावे, परंतु विचारपूर्वक. 'इमेजडिकोडर-वर्कर-१' हे रोमन लिपीतील नाव १५ बाइटवर कापले तर नेमका क्रमांकच गळतो आणि सगळे वर्कर एकसारखे दिसू लागतात. म्हणून क्रमांक आधी लिहावा. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, ३ बाइट घेते, त्यामुळे तेथे जेमतेम पाच चिन्हे बसतात. अशा नावांसाठी रोमन लिपीच सोयीची.

विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून थ्रेडला नाव देणारे 'सेटथ्रेडडिस्क्रिप्शन' हे फंक्शन उपलब्ध आहे. त्याला यूटीएफ-१६ मजकूर लागतो, आणि १६०७ मध्ये ते 'कर्नलबेस' या डीएलएलमधून (विंडोजच्या लायब्ररी फाइलमधून) प्रोग्रॅम चालू असताना शोधावे लागते. तसे शोधल्यास जुन्या विंडोजवरही प्रोग्रॅम निदान सुरू होतो. पूर्वीची युक्ती, म्हणजे एक विशिष्ट एक्सेप्शन उभे करणे, त्या क्षणी डीबगर (चुका शोधण्याचे साधन) जोडलेला असेल तरच उपयोगी पडते, तर नव्या पद्धतीने दिलेले नाव क्रॅश डंपमध्येही (प्रोग्रॅम कोसळतानाच्या स्थितीच्या फाइलमध्ये) सापडते, आणि थ्रेडच्या नावाची खरी गरज तिथेच असते.

लिनक्सवर मुख्य थ्रेडला मात्र हात लावू नये. त्याचे नाव बदलले की 'पीएस' आणि 'टॉप'मधील प्रोसेसचेही नाव बदलते आणि नावावरून प्रोसेस शोधणाऱ्या स्क्रिप्ट चुकू लागतात. नाव देता आले नाही म्हणून प्रोग्रॅम थांबवू नये. लॉगमध्ये एक ओळ लिहून पुढे जावे. लिनक्सवरील चाचणीत '/प्रॉक/सेल्फ/टास्क' खालील त्या थ्रेडची 'कॉम' फाइल वाचून नाव खरोखर लागले की नाही ते पडताळता येते.