रिव्हर्स घेताना गाडी 'कुंईईई' करते, गिअरबॉक्स गेला का?

नाही, तेवढाच आवाज असेल तर गिअरबॉक्स ठीक आहे. मॅन्युअल गाडीत पुढच्या गिअरचे दाते तिरपे असतात, म्हणून ते गुपचूप फिरतात. रिव्हर्सचे मात्र बऱ्याच गाड्यांत सरळ कापलेले. सरळ दाता दुसऱ्यावर एकदम पूर्ण टेकतो, म्हणून वेग वाढला की ती 'कुंई' चढत जाते. नागपुरात गॅरेज चालवतो, हा प्रश्न मला नेहमीचाच आहे. पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर उभी गाडी सकाळी मागे घेताना 'खर्रर्र' करते, तो ब्रेकच्या डिस्कवरचा (चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकतीवरचा) गंज. चार-पाचदा ब्रेक मारला की जातो. नाहीच गेला तर चाक काढून डिस्कमागचा पत्रा बघा. तिथे अडकलेला नखाएवढा खडा अख्खी गल्ली जागी करतो! मात्र तीच 'कुंई' पुढच्या गिअरमध्येही येत असेल तर बेअरिंग किंवा ऑइल तपासून घ्या. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर 'कट-कट-कट' वाजलं तर संशय सीव्ही जॉइंटवर, म्हणजे चाक वळलं तरी त्याला इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या सांध्यावर: चाकाच्या आतल्या बाजूला वाकून बघा, त्या सांध्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस उडालेलं बहुतेक दिसेल.